पावसाची वही: पहिल्या सत्राच्या प्रकल्प नोंदी

१६ जून, सोमवार

शाळा आज उघडली. शिक्षक-खोलीत जे ठरलं ते आधी लिहून ठेवते. या सत्रात पहिली ते चौथी, चारही वर्गांचा विषय एकच: पाणी. पहिलीचा वर्ग शब्दांच्या वाटेने जाईल, दुसरीचा मापांच्या, तिसरीचा नकाशाच्या, आणि माझी चौथी रोजचा पाऊस मोजेल. प्रकल्पासाठी वेगळे तास काढायचे नाहीत. भाषा, गणित आणि परिसर अभ्यासात दिवाळीपर्यंत एरवीही जे शिकवायचं असतं, तेच पाण्याच्या निमित्ताने शिकवायचं. नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे.

आमची शाळा ठाण्यातल्या मासुंदा तलावापासून चालत दहा मिनिटांवर. मुलं नौपाडा, कोपरी, कळवा, चेंदणी कोळीवाडा अशा सगळीकडून येतात. पाणी प्रत्येकाच्या घराजवळ आहे, पण प्रत्येकाचं वेगळं.

१८ जून, बुधवार

पर्जन्यमापक तयार झाला. सामान: दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली, कात्री, मूठभर खडे, चिकटपट्टी, प्लास्टिकची मोजपट्टी. बाटलीचा खांदा जिथे सुरू होतो तिथे कापलं आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला. बाटली उडू नये म्हणून तळाशी खडे.

इथे एका मुलाने पट्टीचं शून्य अगदी तळाला चिकटवलं. मी काही बोलले नाही. त्यालाच पेलाभर पाणी ओतायला सांगितलं. बाटलीच्या बुडाला पाच खळगे असतात, त्यात आणि खड्यांत ते सगळं पाणी गडप झालं. पट्टीवर जेमतेम काही दिसेना. मग त्याच्या शेजारणीने तोडगा काढला: आधी खडे बुडेपर्यंत पाणी भरायचं, जिथे बाटली सरळ होते तिथे रेघ मारायची, ती रेघ म्हणजे शून्य. हवामान खात्यातले लोकही याहून वेगळं काय सांगतील! बाटलीच्या भिंती सरळ असल्या की तोंड लहान असो वा मोठं, पाण्याची उंची तीच भरते. हे मुलांना पटवायला दोन वेगवेगळ्या मापांचे डबे पावसात ठेवावे लागले. मी सांगून पटलं नव्हतं, डब्यांनी पटलं.

वेळ सकाळी साडेआठची. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात. शाळा नऊनंतर भरते, तेव्हा पाळीच्या दोघांनी अर्धा तास आधी यायचं. पालकांनी तक्रार न करता हे मान्य केलं, त्यांचे आभार.

वहीचा नियम एकच: पेनाने लिहायचं. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती करायची. खोडरबर चालणार नाही.

२७ जून, शुक्रवार

नऊ दिवसांच्या नोंदी बाद.

बाटली आम्ही मागच्या अंगणात बदामाच्या झाडाशेजारी ठेवली होती, कारण ती जागा हाताशी होती. आज पाळीवर असलेली मुलगी म्हणाली, “बाई, पाऊस थांबला तरी बाटलीत पडतंच आहे.” सगळे बघायला गेलो. बदामाच्या रुंद पानावर पाणी साठतं, पान वाकतं आणि चमचाभर पाणी एकदम खाली. त्यातलं बरंच आमच्या नरसाळ्यात जात होतं. म्हणजे आम्ही पाऊस नाही, बदामाचं झाड मोजत होतो.

बाटली गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीपासून लांब. टाकी जेवढी उंच त्याच्या दुप्पट अंतर पावलांनी मोजून घेतलं. गच्चीची किल्ली मावशींकडे, त्या बरोबर असल्याशिवाय कोणी वर जायचं नाही.

जुन्या नोंदींवर मुलांनी एकेक रेघ ओढली. एकाला पान फाडून टाकायचं होतं. वर्गाने नको म्हटलं. “झाडाखालचा पाऊस” असं त्या पानाला नाव देऊन ते तसंच राहू दिलं आहे.

१ जुलै, मंगळवार

पहिलीच्या वर्गात तासभर बसले होते. पहिलीच्या बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला आहे आणि त्यावर रोज पावसाचा एक शब्द चढतो. रिमझिम, भुरभुर, पिरपिर, सर, झड, मुसळधार. अक्षरं अजून सगळी आलेली नाहीत, पण स, र, म, प ओळखीची झाली आहेत. तेव्हा “सर” हा त्यांनी स्वतः वाचलेला पहिला पावसाचा शब्द. एकाने तो वाचला आणि मग वर्गात जे दिसेल त्यात “सर” शोधत सुटला. “सरळ” सापडलं, “घसरगुंडी” सापडली.

आजचा शब्द मुलांच्या प्रश्नातून आला. खिडकीबाहेरच्या पत्र्यावरून धारा गळत होत्या. एका मुलीने विचारलं, पाऊस तर थांबलाय, मग हे जे पडतंय त्याला काय म्हणायचं? कुणी “पाणी” म्हटलं, कुणी “लीकेज”. बाईंनी सांगितलं, पागोळ्या. बावीसपैकी एकालाही शब्द माहीत नव्हता. इमारतीत राहणाऱ्या मुलांनी तो ऐकावा तरी कुठे? मग रांगेने सगळे ओसरीत आले, हात पुढे केले आणि प्रत्येकाने एकेक पागोळी तळहातावर झेलली. परत आल्यावर तो शब्द कागदावर लिहायची गरजही वाटेना, पण लिहिला.

शब्द मरतो तो असा, वस्तू समोर असताना. आणि जगतोही असाच. पहिलीच्या बाईंनी आज जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं.

४ जुलै, शुक्रवार

शाळेची दिंडी. टाळ, तुळस, भिजलेली धोतरं. पाळीच्या दोघांनी विठ्ठल-रखुमाईच्या वेषातच गच्चीवर जाऊन नोंद घेतली.

९ जुलै, बुधवार

वहीत ७४ मिमी. कालचा पाऊस तेवढा नव्हता, मला शंका आली. पाळीच्या जोडीला विचारलं. एकाने पट्टी वाचून “सत्तेचाळीस” सांगितलं, दुसऱ्याने लिहिलं. लिहिणाऱ्याने आधी सात ऐकले, मग चाळीस. तसंच उतरवलं.

हा त्या मुलाचा निष्काळजीपणा नाही. मराठीत एकवीसपासून पुढे आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. मूल ऐकतं एका क्रमाने आणि त्याला लिहायचं असतं उलट्या क्रमाने. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात “सत्तावन्न” बरोबर “पन्नास सात” अशी वाचण्याची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला जुनी नावं प्यारी आहेत, ती जायला नकोत. पण ज्या मुलाला अडतं त्याला “चाळीस आणि सात” ही पायरी देण्यात मराठीचं काही कमी होत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आजपासून पाळीवर वाचणाऱ्याने दोन्ही प्रकारे बोलायचं: “सत्तेचाळीस, चाळीस आणि सात.” ७४ वर रेघ, शेजारी ४७.

१७ जुलै, गुरुवार

दुसरीने ओसरी मोजली. आधी पावलांनी: कुणाची ६१, कुणाची ५४, बाईंची ३८. भांडण जुंपलं, प्रत्येकाचं म्हणणं आपलंच बरोबर. मग वीत, मग हात. शेवटी एक मुलगा म्हणाला, सगळ्यांनी माझंच पाऊल वापरा. बाईंनी त्याचं पाऊल पुठ्ठ्यावर गिरवून कापलं आणि सगळ्यांना तेच दिलं. आता सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखं आलं. मीटरची पट्टी दुसऱ्या दिवशी दाखवली, तोवर मुलांना ती का हवी हे कळून चुकलं होतं.

२८ जुलै, सोमवार

शनिवारी २६ जुलै होऊन गेला. घरी मोठ्यांना विचारून या असं सांगितलं होतं. आज जवळजवळ प्रत्येकाकडे काही ना काही होतं. कुणाचे बाबा रुळांवरून चालत आले, कुणाची आत्या रात्रभर ऑफिसात राहिली, कोणाच्या आजीने तळमजल्यावरची गादी पोटमाळ्यावर चढवली. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला.

९४४ हा आकडा मुलांना नुसताच मोठा वाटला. मग जमिनीपासून ९४ सेंटिमीटर आणि ४ मिलिमीटर मोजून भिंतीवर खडूची रेघ ओढली. चौथीतली मुलं तिला पाठ लावून उभी राहिली: छातीपर्यंत. पहिलीतल्या दोघांना बोलावलं: खांद्यापर्यंत. वर्ग गप्प झाला. मग एकीने विचारलं, “आणि आपली बाटली?” आमची पट्टी १७० मिमीपर्यंतच आहे. बाटली रेघेजवळ धरून पाहिली, अशा साडेपाच बाटल्या एकावर एक ठेवाव्या लागल्या असत्या.

ती रेघ पुसू नका असं सफाईवाल्या दादांना सांगून ठेवलं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

उद्या नारळी पौर्णिमा. चेंदणी कोळीवाड्यातून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीचे आजोबा आज वर्गात आले. त्यांनी खाडीत उमेदीची वर्षं काढली आहेत. मी त्यांना सणाबद्दल बोलायला बोलावलं होतं, आणि ते गणित शिकवून गेले.

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान, हे त्यांनी सांगितलं. मग एका मुलाने विचारलं, भरती किती वाजता येणार ते तुम्हाला मोबाइलशिवाय कसं कळायचं? आजोबा म्हणाले, “तिथीची पाऊणपट कर.” आणि तालात म्हणायला लागले: एका पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार, सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. पंधरवडा बदलला की पुन्हा एकपासून.

ही पाऊणकी, पाऊणचा पाढा. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, पुढे शाळांतून ती गेली. मी गेले तीन आठवडे पाव, अर्धा, पाऊण शिकवताना भाकरीचे आणि कागदाचे तुकडे करत होते. आज त्याच पाऊणाला नोकरी मिळाली.

आजोबा गेल्यावर मुलांनी कारण शोधलं, थोडी मदत मी केली. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. म्हणून हिशेब अंदाजे जमतो आणि तिथी वाढेल तसा थोडा मागे पडत जातो. पौर्णिमेला पाऊणकी सव्वाअकरा सांगते, पण पाणी त्यानंतर फिरतं. शिवाय ठाणं खाडीच्या वरच्या टोकाला, मुंबई बंदरात भरती होते त्यानंतर काही वेळाने इथे पाणी चढतं. आजोबांनीही हे सांगितलं होतं: “हिशेब घरी करायचा, पण खुंटीवरचं पाणी बघून होडी काढायची.”

१२ ऑगस्ट, मंगळवार

चतुर्थी. चार पाऊण तीन. आजोबांचा शाळेत फोन: पाणी तीनच्या सुमाराला फिरलं. वर्गात टाळ्या.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवारी दुपारी पाऊस इतका वाढला की मुलांना लवकर सोडलं. मंगळवारी सुट्टी जाहीर झाली. मावशी जवळच राहतात, पण त्यांच्याही गल्लीत पाणी होतं, त्या येऊ शकल्या नाहीत. आज गच्चीवर गेलो तर बाटली काठोकाठ भरून वाहिलेली.

आता वहीत काय लिहायचं? पाऊण तास चर्चा चालली, गणिताचा तास त्यात गेला, जाऊ दे. एकाचं म्हणणं, बातम्यांत सांताक्रूझचा आकडा आलाय, तो लिहू. दुसरी म्हणाली, तो सांताक्रूझचा आहे, आपल्या गच्चीचा नाही. तिसऱ्याने सुचवलं की अलीकडच्या दोन दिवसांची बेरीज करून अर्धी करू, म्हणजे जागा रिकामी दिसणार नाही. चौथ्याला वाटलं तिथे शून्य लिहावं. त्यावर मात्र सगळे तुटून पडले: शून्य म्हणजे पाऊस नाही, आणि काल तर रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं!

शेवटी असं लिहिलं गेलं. १९ ऑगस्ट: “नोंद नाही. कोणी येऊ शकलं नाही.” २० ऑगस्ट: “१७० मिमीपेक्षा जास्त, दोन दिवसांचा मिळून. बाटली भरून वाहिली.” हे शब्द मुलांचे आहेत, मी एकही बदललेला नाही.

मग फळ्यावर हवामान खात्याच्या पायऱ्या लिहिल्या. २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. आमच्या नोंदीवरून सोमवारचा पाऊस नेमका कोणत्या पायरीवर बसतो हे सांगता येत नाही, हे मुलांनीच दाखवून दिलं. उंच बाटली हवी, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी एका पालकांनी पाच लिटरची सरळ भिंतीची बरणी पाठवली.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीच्या सुट्टीनंतर तिसरी तलावपाळीवर, म्हणजे मासुंदाच्या काठावर गेली, मी सोबतीला. एका बाजूला कोपिनेश्वराचं देऊळ, दुसरीकडे गडकरी रंगायतन. मुलांनी दिशा लावून कागदावर तलाव काढला. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि आजही पस्तीसच्या आसपास तलाव आहेत. मुलांना मासुंदा, कचराळी, उपवन आणि एकाला रायलादेवी एवढेच ठाऊक होते. सिद्धेश्वर आणि आंबे-घोसाळे नकाशावर शोधून रंगवले. जिल्ह्याच्या नकाशात सात तालुके आले. एकाने घरून आणलेल्या जुन्या नकाशात वसई आणि डहाणूही ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्याची गोष्ट निघाली.

परतताना तिसरीच्या बाईंनी विचारलं, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं? जवळजवळ सगळ्यांनी तलावाकडे बोट दाखवलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

त्या बोटांमुळे तिसरीचा पुढचा आठवडा ठरला. नळाचं पाणी नकाशावर उलटं शोधत गेले: ठाण्यातली टाकी, मग जलवाहिनी, मग उल्हास नदी, आणि भातसा नदीवरचा पिसे बंधारा. त्याच्याही वर शहापूर तालुक्यात भातसा धरण. तानसाही त्याच तालुक्यात, तिथलं पाणी मुंबईला.

एक मुलगी सहसा बोलत नाही. आज ती उभी राहिली. “माझ्या मामाचं गाव शहापूरला. टेकडीवरून धरण दिसतं. पण मे महिन्यात मामी टँकरची वाट बघते. टँकर विहिरीत ओततात, मग सगळ्या पोहरे टाकतात.” वर्गाला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय. धरण दिसतं, तर पाणी का नाही? ती म्हणाली, “धरण खाली आहे. गाव वर आहे. नळ इकडे येतो.”

तिसरीच्या बाईंनी तो नकाशा फळ्यावरून काढला नाही. गाव उंचावर आणि धरण दरीत का, नळ कोणी कुठे न्यायचा हे कोण ठरवतं, असे प्रश्न कागदाच्या कडेने लिहून ठेवले आहेत. आठ वर्षांच्या मुलांना याची उत्तरं पूर्ण देता येणार नाहीत. पण प्रश्न त्यांच्यापासून लपवायचे नाहीत, यावर आमचं चौघींचं एकमत आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

चौथी आणि तिसरी एकत्र. जमिनीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस काढला, त्यावर प्लास्टिकचा कागद, चारी कडांखाली पट्ट्या सरकवून काठ उचललेला. मोजून एक लिटर पाणी ओतलं. हाताने पसरवत पसरवत सगळीकडे सारखं केलं. पट्टी बुडवली: एक मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पाणी इतकं पातळ पसरलं होतं की एकाने बोट टेकवून “हा एक मिमी?” असं तीनदा विचारलं.

मग अंगणातल्या पत्र्याची शेड मोजली: आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर. २५ मिमी पावसाच्या दिवशी तिच्यावर किती पाणी? हजार लिटर. दहा लिटरच्या शंभर बादल्या. आमच्या वहीत २५ मिमीच्या वरचे किती दिवस आहेत ते मुलांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि बोटं पुरेनात.

शहापूरच्या मामाकडची मुलगी पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. तिने विचारलं, टँकरमध्ये किती असतं? साधारण दहा हजार लिटर, मी म्हटलं. तिने मनाशी हिशेब केला. “म्हणजे शेडचे दहा दिवस.” थोड्या वेळाने: “मामाच्या घरालाही पत्रा आहे.”

तिसरीच्या बाई आता मुलांबरोबर पन्हाळी आणि पिंपाचं चित्र काढत आहेत. ते चित्र मामाला पाठवायचं आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

वहीवरून आलेख. प्रत्येक आठवड्याचा एक स्तंभ, चौकटीच्या कागदावर, पाच मिमीला एक चौकट. ऑगस्टचा तिसरा आठवडा कागदाच्या वर जाणार म्हणून आणखी एक कागद चिकटवला. त्या स्तंभाचं टोक मुलांनी सरळ न काढता फाटक्या कडेसारखं काढलं, कारण किती वर जायचं ते ठाऊक नाही. १९ तारखेच्या जागी पेन्सिलीने छोटा चौकोन, आत काहीच नाही.

संकलित चाचणी झाली. अपूर्णांकांचे प्रश्न यंदा मुलांनी बरे सोडवले. दोघांना मात्र अजून “पावणे” आणि “पाऊण” यांत गोंधळ होतो, दुसऱ्या सत्रात त्यांच्याकडे वेगळं बघायला हवं. पहिलीच्या भिंतीवर चौतीस शब्द झाले, शेवटचा “उघडीप”.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. परतीचा पाऊस येऊन-जाऊन आहे, त्यामुळे नोंद बंद करायला मुलं तयार नाहीत. मावशी म्हणाल्या, मी घेते.

तर आज शेवटच्या तासाला पाळीच्या दोघांनी मावशींना गच्चीवर शिकवलं. बरणी उचलायची नाही, आपण खाली बसायचं. डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा, वरून बघितलं तर जास्त दिसतं. पाण्याची कड बरणीला चढलेली दिसते ती धरायची नाही, मधली खालची रेघ धरायची. मावशी गुडघ्यावर बसल्या, पदर खोचला, एक डोळा मिटला. “आज काहीच नाही,” म्हणाल्या.

“मग शून्य लिहा,” मुलगी म्हणाली. “आणि नाही आलात तर शून्य नाही लिहायचं हं मावशी.”

मावशींनी पेन मागून घेतला आणि तारखेपुढे शून्य काढलं. वही आणि गच्चीची किल्ली दोन्ही त्यांच्याकडे आहेत. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी वही वर्गात परत घ्यायची आहे.